पुरेसे आणि अधिक चांगले

आमच्या पुतण्याने गेल्या महिन्यात एक प्रश्न सहज म्हणून विचारला, आणि तो आमच्या मनातून अजून गेलेला नाही. त्याच्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. २०१७ साली भारतात आलेली, २३० अश्वशक्तीची. पुढच्या चाकांच्या कंट्रोल आर्मचे रबरी बुश झिजल्याचे मिस्त्रीने सांगितले. ‘काका, मूळचेच आर्म बसवू की शर्यतीचे?’ एवढाच प्रश्न.

गाडीच्या पोटात डोकावण्याची हौस सर्वांना नसते, म्हणून थोडे सांगणे आवश्यक आहे. कंट्रोल आर्म म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा हात. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या टोकाला रबरी बुश. ब्रेक लावताना वा वळताना चाक ज्या जोराने जागा सोडू पाहते, तो जोर हा हात पेलतो. रबर किंचित दबते. त्या दबण्यात खड्ड्याचा धक्का मुरतो, पण चाकाचा कोनही थोडा ढळतो आणि वेगात स्टिअरिंग क्षणभर उशिरा साद देते. पॉलियुरेथेनचे कडक बुश किंवा धातूचे सांधे घातले की हा विलंब पुष्कळ कमी होतो. धक्का मात्र कुठे जात नाही. तो आसनापर्यंत येतो. त्या आसनावर दर आठवड्याला आमच्या वहिनी बसतात, आणि त्यांच्या मणक्याचे दुखणे जुने आहे.

‘अचूक वळणारी गाडी अधिक सुरक्षित नाही का?’ हा पुतण्याचा युक्तिवाद खोटा नव्हता. शर्यतीच्या गुळगुळीत धावपट्टीवर तो पूर्ण खरा आहे. पण त्याची गाडी धावते ती वडोदऱ्याहून अहमदाबादला, ९३ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर, आणि गावातल्या खड्ड्यांतून. तिथे कायद्याच्या वेगात मूळच्या आर्मची कसोटी क्वचितच लागते. तेव्हा त्याला हवी होती ती सुरक्षितता नव्हे, हाताला मिळणारी एक अनुभूती.

मग ती हवीशी वाटणे गैर आहे काय? इथे आम्ही अडलो. निवृत्तीनंतर, घरचा तंबोरा बरा वाजत असताना, आम्ही मिरजेहून दुसरा आणला होता. पुतण्याला ते ठाऊक होते. त्याने उच्चारले नाही, हा त्याचा सुसंस्कृतपणा. फरक एवढाच की आमचा तंबोरा बेसूर लागला तर रस्त्याने जाणाऱ्याचे हाड मोडत नाही.

नोकरीत ‘देखभाल’ आणि ‘नवीन काम’ अशी दोन लेखाशीर्षे असत. एका ओढ्यावरची मोरी नुसती दुरुस्त केली असती तरी भागले असते. आम्ही आग्रहाने ती भक्कम काँक्रीटची करवून घेतली. पुढच्या पावसाळ्यात मोरी जागची हलली नाही, तिच्या दोन्ही बाजूंचा भराव वाहून गेला. दोन गावांचा रस्ता अकरा दिवस बंद होता. जोर नाहीसा होत नाही, दुसरी कमकुवत जागा शोधतो, हे आम्ही त्या भरावाजवळ उभे राहून शिकलो. खड्ड्यात जोराने आपटल्यावर साधा आर्म वाकतो आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. म्हणजे काही बिघडल्याची सूचना तरी मिळते. अधिक ताठ आर्म तोच आघात पुढे सांगाड्याकडे ढकलू शकतो.

कायद्याचे म्हणाल, तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे वाचले आहे. हे आम्ही त्याला सांगितले खरे, पण अधिकाऱ्याच्या सवयीने. दंडाच्या भीतीने थांबलेला माणूस विचार करून थांबलेला नसतो. म्हणून शेवटी एवढेच विचारले, ‘तुझ्या आनंदाचा धक्का कोणाला बसणार, याची यादी केलीस का?’

त्याने मूळचेच दोन्ही आर्म बसवले, चाकांची अलाइनमेंट करून घेतली. बिल दाखवायला आला तेव्हा म्हणाला, ‘काका, तुमच्या मोरीमुळे नाही हं, आईच्या पाठीमुळे.’ आणि लगेच पुढे विचारले, शर्यतीच्या धावपट्टीसाठी एखादी वेगळी जुनी गाडी घेतली तर?