नदीवर बसायला काय काम लागतं?

कन्हान नदी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तरी तिच्या काठावर मी बिनकामाचा पहिल्यांदा बसलो तो वयाच्या तिसाव्या वर्षी. हे कबूल करताना मला लाज वाटली. मग ध्यानात आलं की ही लाज माझ्या एकट्याची नाही. म्हणून लिहितो आहे.

आमच्या वस्तीतली माणसं नदीवर जातात ती तीन कारणांनी. धुणं घेऊन, मढं घेऊन, नाहीतर निळा झेंडा घेऊन. माय गोधड्या घेऊन जायची. कुणी गेलं की सगळी वस्ती घाटावर. आणि जानेवारीत बाबू हरदास एल. एन. यांच्या स्मारकावर. १९०४ साली कामठीत जन्मलेल्या या माणसानं बिडी कामगारांना संघटित केलं. १९३७ साली ते मध्यप्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ ला क्षयानं गेले. वय अवघं पस्तीस. आपण एकमेकांना 'जय भीम' घालतो, ती रीत पाडण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. कन्हानच्या काठावर आम्ही त्यांच्यापुढं मान झुकवतो आणि घरी येतो.

तिन्ही कारणं कामाची आहेत. ऊन उतरलं आहे, पाण्यात पाय सोडून उगाच बसावं, हे चौथं कारण आमच्या घरात कारण म्हणून चालतच नव्हतं. "कायले जातं नदीवर? काम नाही का तुले?" मायचा हा प्रश्न ऐकतच मी मोठा झालो.

मागच्या हिवाळ्यात हाच प्रश्न आमच्या युवक मंडळापुढं आला. रविवारी विहारात आमचा वाचनवर्ग असतो. वर्गातल्या एका मुलीनं सुचवलं, एक रविवार नदीवर जाऊ, लहान पोरांना नेऊ, मायबापांना नेऊ, पानगे आणि वांग्याची भाजी करू. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते तिथं बसले होते. मला पुस्तक हातात धरायला त्यांनीच शिकवलं. ते तडकले. "इथं ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत. पोरांना शिष्यवृत्ती वेळेवर भेटत नाही. अन् तुम्हाला पार्ट्या सुचून रायल्या? मजा मारणं त्यांचं काम आहे. आपलं काम लढणं."

सगळे गप्प झाले. मीही. खरं सांगतो, त्या क्षणी मला ते बरोबरच वाटले.

पण रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. मजा त्यांची, काम आपलं. ही वाटणी कुणी केली? मनूनं शूद्राला एकच काम नेमून दिलं, वरच्या तिघांची सेवा, तीही कुरकुर न करता. सेवा करणाऱ्याच्या वेळेवर मालकी मालकाची. ज्याच्या वेळेवर त्याची स्वतःची मालकी नाही, त्याला फुरसत कुठली? २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जळाली. आम्ही दर वर्षी तो दिवस पाळतो. आणि आमच्याच मंडळात, आमच्याच माणसाच्या तोंडून, तीच वाटणी बाहेर पडते. शाई निळी आहे, वाक्य मनूचं आहे.

म्हणून मित्रांनो, प्रश्न नीट मांडू. चळवळीतल्या माणसानं मजा करावी की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की फुरसत हा हक्क आहे की चैन? चैन असेल तर ती लढाई जिंकल्यावर बघू. हक्क असेल तर तो लढाईचाच भाग आहे.

महाडपासूनच सुरुवात करू. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. तरी ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. आणि ओंजळ भरल्यावर डोकी फुटली. पुढं कोर्टकचेरी झाली. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. एका ओंजळीला दहा वर्षं. पण बाबासाहेब काय म्हणाले ते विसरू नका. चवदार तळ्याचं पाणी प्यालो नाही म्हणून आपण मेलो नव्हतो, आणि पिऊन अमर होणार नव्हतो. तहान हा मुद्दाच नव्हता. इतर माणसांसारखी आपणही माणसं, हे त्या काठावर ठरायचं होतं. मग इतर माणसं काठावर जे करतात ते सगळं त्यात आलं. पिणं आलं तसं पोहणं आलं, आणि नुसतं बसणंही आलं.

आता आमच्या ज्येष्ठांना मी एक आठवण देतो. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांपुढं सहलीचीच कल्पना मांडली होती. ते नाही म्हणाले नाहीत. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची, एवढीच अट त्यांनी घातली. तीसेक माणसं निघाली. पुणे करार होऊन दोन वर्षं झाली होती, येवल्याची घोषणा पुढल्या वर्षी व्हायची होती. म्हणजे लढाई ऐन भरात असताना आपला नेता कार्यकर्त्यांना घेऊन फिरायला निघाला होता. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ होती म्हणून दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला की अस्पृश्यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. म्हातारा मुसलमान होता, हेही बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. जातीचा विटाळ एका धर्माच्या वेशीवर थांबत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. कामाला आलेल्या अस्पृश्याला व्यवस्था एखाद वेळी सहन करते. सहलीला आलेला अस्पृश्य तिला सहन होत नाही.

हे इथलंच आहे असं नाही. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव ज्या काळ्या माणसांकडून घेतलं, त्यांच्या देशातली गोष्ट. शिकागो शहर मिशिगन नावाच्या अफाट तलावाच्या काठावर वसलं आहे. २७ जुलै १९१९, रविवार. युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा पोरगा दोस्तांबरोबर लाकडाच्या तराफ्यावर खेळत होता. पाण्यावर कुणी रेघ ओढलेली नव्हती. तरी गोऱ्यांचं पाणी कुठं सुरू होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तराफा वाहत त्या बाजूला गेला. काठावरून एक गोरा दगड मारायला लागला. युजीन बुडून मेला. दगड मारणाऱ्याला पोलिसानं पकडलं नाही. दंगल पेटली, अडतीस माणसं मेली. त्यातली तेवीस काळी. तो पोरगा मोर्चात नव्हता, कुठली मागणी करत नव्हता. सुटीच्या दिवशी खेळत होता.

म्हणून मी म्हणतो, खेळायची जागा ही फालतू जागा नाही. माणूस बरोबरीचा आहे की नाही, ते तिथं उघडं पडतं.

आता कामाच्या बाजूनं पाहू. आमचे बाबा कोळशाच्या खदानीत होते. पाळी आठ तासांची. हे आठ तास आभाळातून पडले नाहीत. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत ते स्वतः खाली उतरले. १९४४ साली कोळसा मजुरांसाठी कल्याण निधी उभा राहिला. त्याच्या उद्देशांत घर, पाणी, शिक्षण यांच्याबरोबर करमणुकीच्या सोयीही होत्या. कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. उरलेले तास कशाला मागितले होते? नुसतं झोपायला? गांधीवादावर लिहिताना त्यांनी उत्तर देऊन ठेवलं आहे. जनावर पोटापुरतं जगतं. माणसाला मन आहे, मनाला वाढायला फुरसत लागते. फुरसत यायची तर माणसाच्या पाठीवरचं ओझं यंत्रानं उचललं पाहिजे. म्हणून त्यांना यंत्र हवं होतं.

इथं कन्हानचा माणूस मला अडवेल. तो म्हणेल, बाबा, यंत्र आलं न आमच्याकडं. काय झालं? पोकलेन आलं, टिप्पर आले, नदीतली रेती गेली. ढीवर बांधवांच्या डांगरवाड्या रेतीवर पिकायच्या, टरबूज अन् डांगर आम्ही तिथूनच आणायचो. रेती गेली तिथली वाडी गेली. मी दहावीत असताना माझ्या वर्गातला एक पोरगा रेतीच्या खड्ड्यात बुडाला. वरून पाणी गुडघाभर दिसत होतं. त्याला पोहता येत नव्हतं. आमच्यात कुणाला येत होतं? त्यानंतर वस्तीतल्या सगळ्या मायांनी नदी बंद केली. वीज केंद्रांची राख कोलार नदीतून कन्हानला येते. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा साऱ्या नागपूरनं ते पाहिलं. दिव्याचा उजेड शहराला, राख नदीला.

हा आक्षेप खरा आहे. पण त्याचंही उत्तर बाबासाहेबांनी त्याच लिखाणात दिलं आहे. दोष यंत्राचा नाही. खाजगी मालकी आणि नफा यांना देव करणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणजे यंत्र मोडायचं नाही, यंत्र कुणासाठी चालतं ते विचारायचं.

आणि काठ कुणासाठी राखला जातो, तेही विचारायचं. आमच्याच रस्त्यानं पुढं गेलं की रामटेकजवळ खिंडसी तलाव आहे. नावा आहेत, पाण्यातले खेळ आहेत, सुटीला मोटारींची रांग लागते. तिकिटावर जात लिहिलेली नसते. पण रोजीवाला माणूस चार पोरं घेऊन तिकिटाच्या खिडकीपुढं उभा राहून बघा, रेघ कुठं आहे ते कळेल. नागपुरात अंबाझरी तलावाशेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन होतं. २०२१ साली ते पाडलं गेलं. जागा पर्यटनाच्या प्रकल्पासाठी खाजगी कंपनीकडं गेली होती. आपल्या बायका तिथं महिनोन्‌महिने धरण्यावर बसल्या. करमणुकीच्या नावानं आपली जागा जाते, आणि आपण मात्र करमणूक हा विषय हलका म्हणून सोडून देतो. सोडलेल्या जागेवर दुसरा येऊन बसतोच.

हे सगळं मी पुढल्या रविवारी वर्गात बोललो. ज्येष्ठ काही बोलले नाहीत. सहल सुचवणारी मुलगी मात्र बोलली. "भाषण चांगलं झालं दादा. पण पानगे कोण भाजणार? आम्हीच न? मग आमची चूल घरातून नदीवर जाईल, एवढाच फरक."

मला उत्तर सुचलं नाही. कारण उत्तर तिनंच दिलं होतं. दुसऱ्याच्या पाठीवर बसून मिळवलेली फुरसत ही ब्राह्मणी फुरसत. ती आपल्या घरातही असते. बाबा पाळीवरून आले की खाटेवर पडायचे, ती त्यांची हक्काची विश्रांती होती. मायची पाळी कधी सुटायची? तिचे आठ तास कोणत्या कायद्यात बसवले आहेत? म्हणून ठरलं, कणीक पोरं मळतील, गोवऱ्या पोरं रचतील, भांडीही पोरंच घासतील.

गेलो. पानगे अर्धे कच्चे, अर्धे करपलेले. लहान पोरं ओरडत होती. गुडघाभर पाण्याच्या पुढं कुणाला जाऊ द्यायचं नाही म्हणून दोघं पाण्यात उभे होते. माय काठावर बसली होती. थोड्या वेळानं पाहतो तर ती मूठभर रेती घेऊन गंज घासून राहिली. गंज स्वच्छ होता, जेवण अजून व्हायचं होतं.

"माय, ठेव न तो."

"हात रिकामे रायले का गमत नाही बापा."

मी तिच्या हातातून गंज घेतला. ती जराशी अवघडली. मग तिनं पाय पाण्यात सोडले. बराच वेळ पलीकडच्या काठाकडं पाहत होती. म्हणाली, "ते मोठं झाड कायचं आहे रे?"

चाळीस वर्षं ती या काठावर धुणं धूत होती. नजर दगडावर. मलाही झाडाचं नाव सांगता येईना. मागून आवाज आला, "कहू आहे ते, वहिनी." ज्येष्ठ उशिरानं आले होते. चपला काढून, जरा बाजूला बसले होते.

मी जिंकलो असं समजू नका. ॲट्रॉसिटीच्या केसेस अजून पडून आहेत. शिष्यवृत्तीचा मोर्चा आम्हाला काढायचाच आहे. नदीवर बसल्यानं त्यातलं काही सुटलं नाही. पण ज्या माणसाला रिकामे हात गुन्ह्यासारखे वाटतात, त्याच्या हाताला बेडी आहेच. ती दिसत नाही, एवढंच. ती काढणं हेही चळवळीचं काम आहे.

आता आमचं असं ठरलं आहे. तीन रविवार वर्ग विहारात, एक नदीवर. डांगरवाडीवाले एक ढीवर काका उन्हाळ्यात पोरापोरींना पोहणं शिकवायला तयार झाले आहेत. जागा पाहून, खड्डे टाळून. नदीवर पुस्तक न्यायचं की नाही, यावर ज्येष्ठांचं आणि आमचं भांडण अजून चालू आहे.