सांगितलं की गुण जातो

आमच्या गावाकडे काविळीचं औषध देणारा एक कातकरी म्हातारा होता. पाला तो रानातच चुरगाळून आणायचा. मूठ उघडली की नुसता हिरवा चोथा. पान गोल होतं की लांबट, काही कळायला मार्ग नाही. आईनं नाव विचारलं की म्हणायचा, "सांगितला की गुन जातो, बाय." आम्ही शाळकरी शहाणे हसायचो.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आलं आहे, की वनस्पती नावरूपानं ओळखतात ते शेळ्यामेंढ्या नि गाई राखणारे आणि वनवासी. पण लगेच पुढे बजावलंय: नावरूप कळून भागत नाही, योजना जाणणाराच खरा जाणकार. म्हणजे ओळख रानाची, विद्या वैद्याची! ही वाटणी मला कधीच पटली नाही.

१९८७ साली केरळातल्या अगस्त्यमलैवर, आपल्या सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाला, पी. पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ धापा टाकत चढत होते. त्यांचे काणी आदिवासी वाटाडे मात्र कसलीशी फळं चघळत ताजेतवाने. विचारलं तर आढेवेढे. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर त्यांनी जमिनीलगतचं एक रोपटं दाखवलं. आरोग्यपच्चा. योजना, म्हणजे शीण घालवायला काय खायचं, हे त्यांना ठाऊकच होतं. पालोडच्या वनस्पती संशोधन संस्थेनं फळाऐवजी पानं घेतली, आणखी तीन वनस्पती घातल्या नि 'जीवनी' तयार झालं. ते बनवणाऱ्या कंपनीकडून परवान्याचे १० लाख आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन. त्यातलं निम्मं काणींना. त्यासाठी १९९७ साली त्यांचा ट्रस्ट झाला. जैवविविधता कायदा आला २००२ मध्ये, म्हणजे कायद्याचा बडगा नसताना केलेली ही वाटणी. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

तरी अडलंच. काणींचे वैद्य म्हणजे प्लाथी. त्यांच्यातले काही बिथरले: ही विद्या विकायची नव्हेच. सांगितलं तरुण वाटाड्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या राखलं होतं प्लाथींनी. मग करारावर अंगठा कुणाचा? आणि फळ चघळणाऱ्याला वाटेवरची दोनचार पुरतात, कारखान्याला पानांची पोती लागतात. पानं गोळा करायला वनखात्याची हरकत आली. ज्यांनी रोप दाखवलं, त्यांनाच ते खुडायची चोरी.

म्हाताऱ्याच्या मुठीला आता मी हसत नाही. आईनं मात्र तेव्हाच चोथ्याच्या वासावरून पान ओळखलं होतं. तिनंही ते कधी सांगितलं नाही.