वादाचें सूत्र कोणाच्या हातीं?

दोन माणसें भांडूं लागलीं म्हणजे तिसऱ्यानें मध्यें पडावें कीं नाहीं, हा प्रश्न जितका जुना, तितकाच मध्यें पडणाऱ्यानें कसें वागावें हा प्रश्नहि जुना आहे. अलीकडे हा दुसरा प्रश्न रोज सायंकाळीं आपल्या घरांत येऊन बसतो. बुलढाणा, चिखली किंवा खामगांव येथील कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबांत दूरचित्रवाणी सुरू झाली, कीं चार-सहा चौकटींतून चार-सहा पक्षांचे प्रवक्ते एकाच वेळीं बोलूं लागतात; आणि मधल्या चौकटींतील सूत्रसंचालक त्यांपैकीं एकास गप्प करतो, दुसऱ्यास बोलूं देतो व तिसऱ्याचें वाक्य स्वतःच पुरें करतो. घरांतील वडील मंडळी म्हणतात, 'हा त्या पक्षाचा आहे'. मुलें म्हणतात, 'छे, हा तर या पक्षाचा!' आमच्या मतें हा वाद व्यर्थ आहे. सूत्रसंचालकाच्या मनांत काय आहे याचा शोध घेण्यापेक्षां त्याच्या हातांत काय काय दिलेलें आहे, हें पाहावें.

या बाबतींतला सर्वांत बोलका दाखला आपल्याच राजकारणांत सांपडतो. १९०७ सालची राष्ट्रीय सभा मुळांत नागपुरास भरावयाची होती. ती तेथून हलवून सुरतेस नेण्यांत आली. अध्यक्षपदासाठीं डॉ. रासबिहारी घोष यांचें नांव सुचविलें गेलें. २६ डिसेंबरला गोंधळामुळें सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशीं काम सुरू होण्यापूर्वीं लोकमान्य टिळकांनीं स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांच्याकडे चिठ्ठी पाठविली, कीं अध्यक्षांच्या निवडीच्या सूचनेस अनुमोदन मिळाल्यावर आपणांस तहकुबीची सूचना मांडावयाची आहे. अनुमोदन झालें, निवड झाल्याचें जाहीर झालें, डॉ. घोष आसनावर बसले. पण टिळकांस कोणीं बोलाविलें नाहीं. ते स्वतः व्यासपीठावर आले, तेव्हां आधीं माळवींनीं व मागून डॉ. घोषांनीं त्यांस नियमबाह्य ठरविलें. टिळक हलेनात. त्यांच्या अंगावर धावून येणाऱ्यांपासून त्यांचें रक्षण करण्यास गोखले पुढें झाले, ही गोष्ट त्या दिवसाच्या इतर गोष्टींपेक्षां कमी सांगितली जाते, ती अधिक सांगितली जावी असें आम्हांस वाटतें. पुढें जोडा आला, खुर्च्या आल्या, पोलीस आले, आणि राष्ट्रीय सभा दुभंगली.

नियम कोणाच्या बाजूनें होता, याविषयीं दोन्ही पक्षांनीं नंतर आपापलीं निवेदनें छापलीं. तीं वाचून कोणाहि समंजस वाचकाचें मत सहज इकडे किंवा तिकडे झुकूं शकेल. आमचा मुद्दा निराळा आहे. डॉ. घोष अध्यक्ष झाले कीं नाहीं, हाच मुळीं वादाचा विषय होता. आणि त्याचा निवाडा खुद्द डॉ. घोष अध्यक्ष या नात्यानें देत होते. ते गृहस्थ विद्वान होते, निष्णात कायदेपंडित होते. त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर असता, तरीहि समोरच्या हजारो माणसांस तो न्याय वाटणें शक्य नव्हतें. ज्याच्याविषयीं तक्रार, त्यानेंच तक्रार ऐकावयाची, अशी ती रचना होती.

पुढें आपल्या राज्यघटनाकारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवलेली दिसते. लोकसभेच्या अध्यक्षास दूर करण्याचा ठराव विचारार्थ असतां त्यानें अध्यक्षस्थानीं बसूं नये, मात्र त्यास बोलण्याचा हक्क असावा, असें ९६ वें कलम सांगतें. विधानसभेच्या अध्यक्षासाठीं १८१ वें कलम तेंच सांगतें. याहून आम्हांस कौतुक वाटतें तें ग्रामपंचायतीच्या कायद्याचें. सरपंचावर अविश्वासाचा ठराव आला, म्हणजे खास सभा तहशीलदार बोलावतो व अध्यक्षस्थानींहि तोच बसतो. सरपंच इतरांबरोबर खालीं बसतो, बोलूं शकतो, मतहि देऊं शकतो. मेहकर किंवा लोणार तालुक्यांतील एखाद्या लहानशा गांवीं जें शहाणपण कायद्यानें बंधनकारक आहे, तें मुंबईच्या झगमगत्या चित्रणगृहांत मात्र कोणास सुचूं नये, याचें नवल वाटतें.

कारण तेथें रोज सुरतच भरते. विषय सूत्रसंचालक निवडतो, पाहुणे तोच बोलावतो, प्रश्न तोच विचारतो, पुष्कळदां आरोपहि तोच करतो. कोणाचा ध्वनी चालू ठेवावयाचा तें त्याच्याच इशाऱ्यावर ठरतें. अशा वेळीं एखादा प्रवक्ता म्हणाला, 'आपण माझ्यावर अन्याय करीत आहां,' तर त्याचा निकाल कोण देतो? सूत्रसंचालकच. आणि तो बहुधा पुढील वाक्यांतच देतो. सप्टेंबर २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि द्वेषमूलक भाषणांच्या प्रकरणीं सूत्रसंचालकाच्या जबाबदारीवर बोट ठेवलें होतें. परंतु कार्यक्रमानंतर करावयाच्या तक्रारी वेगळ्या, आणि भर वादांत बोलण्याचा हक्क राखणें वेगळें.

यावर कोणी म्हणेल, सूत्रसंचालक हा पत्रकार आहे. तो केवळ घंटा वाजवीत बसला, तर पुढाऱ्यांस अडचणीचे प्रश्न विचारणार कोण? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. १० सप्टेंबर २०२४ रोजीं अमेरिकेंत ट्रम्प व हॅरिस यांचा वाद झाला, तेव्हां सूत्रसंचालकांनीं ट्रम्प यांचीं कांहीं विधानें तेथल्या तेथें दुरुस्त केलीं, आणि दुरुस्त्या एकाच बाजूस झाल्या म्हणून त्यांच्या चाहत्यांनीं ओरड केली. ही ओरड मोजणीवर आधारलेली होती, आणि न्याय मोजणीनें ठरत नाहीं. आम्ही गेलीं पुष्कळ वर्षें उत्तरपत्रिका तपासतों. एका विद्यार्थ्याच्या चार चुका व दुसऱ्याची एक दाखविली, म्हणून आम्ही पहिल्यावर अन्याय केला असें होत नाहीं. अन्याय होतो तो चार व एक यांस एकाच मापानें न तपासल्यामुळें. मात्र हें माप परीक्षेपूर्वीं ठरलेलें असावें लागतें. असत्य विधान सूत्रसंचालकानें दुरुस्त करावयाचें कीं तें काम प्रतिपक्षावर सोपवावयाचें, हें आधीं जाहीर व्हावें. दोन्ही रीति प्रामाणिक आहेत. वाद चालू असतां एकीवरून दुसरीवर उडी मारणें मात्र नव्हे.

विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले, तेव्हां त्यांनीं आपला स्वराज्य पक्ष सोडला. १९२८ मध्यें सार्वजनिक सुरक्षितता विधेयकावर समसमान मतें पडलीं, आणि त्यांनीं आपलें निर्णायक मत सरकारच्या विरुद्ध टाकलें. मनानें ते कोणत्या बाजूचे, हें कोणापासून लपलेलें नव्हतें. पण असा असाधारण कायदा ज्यास हवा असेल, त्यानें सभागृहास पटवून बहुमत मिळवावें, अध्यक्षाच्या मतावर विसंबूं नये, हें कारण त्यांनीं उघडपणें सांगितलें. तेंच कारण उद्यां स्वराज्य पक्षाच्या विधेयकासहि लागू पडलें असतें. आम्हांस त्या मतापेक्षां या कारणाचें मोल अधिक वाटतें.

आतां, नियमांनीं सर्व कांहीं साधतें असें नाहीं. निवडणुकीच्या दिवसांत दूरदर्शन व आकाशवाणी यांवर मान्यताप्राप्त पक्षांस कांहीं वेळ सर्वांस सारखा, व त्यावर मागील निवडणुकींतील मतांच्या प्रमाणांत जादा, असा वाटून दिला जातो. चर्चा ठेवल्यास संयोजकाचें नांवहि प्रसारभारतीशीं विचार करून निवडणूक आयोग मंजूर करतो. व्यवस्था चोख आहे, आणि कार्यक्रम कोणी आवडीनें पाहत नाहीं. शिवाय मिनिटें सारखीं वाटलीं तरी विषय कोणाचा, हा प्रश्न राहतोच. कापूस व सोयाबीन यांचा भाव पडला असतां महिनाभर दुसऱ्याच एखाद्या पुढाऱ्याच्या उद्गारांवर चर्चा चालली, तर त्या चर्चेंत प्रत्येकास सेकंदाच्या कांट्यानें समान वेळ दिला म्हणून मलकापूरच्या शेतकऱ्यास न्याय मिळाला असें कोण म्हणेल? त्याची तर चौकटच नाहीं. कधीं काळीं असली, तर दूरध्वनीवरून, आणि त्याचें पहिलें वाक्य संपण्यापूर्वीं जाहिरात येते.

तरी जें साधण्याजोगें आहे तें अवघड नाहीं. २७ जून २०२४ च्या अमेरिकन वादांत ज्याची पाळी नसेल त्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आधींच ठरला होता. कोणास गप्प करावयाचें, हा सूत्रसंचालकाच्या मर्जीचा प्रश्न राहिला नाहीं. आपल्याकडे निवडणुकीपूर्वींच्या चर्चांत एवढें तरी व्हावें, कीं प्रश्न विचारणारा एक असावा व वेळ राखणारा दुसरा. आणि 'मला बोलूं दिलें नाहीं' ही तक्रार या दुसऱ्यानें ऐकून तेथेंच निकालांत काढावी. आमच्याकडील महाविद्यालयांच्या वादविवादस्पर्धांत गुण देणारे परीक्षक समोर बसतात, आणि घंटा बाजूच्या टेबलावर एखाद्या विद्यार्थ्याकडे असते. ती परीक्षकांस आवडलेल्या वक्त्यासाठींहि वेळेवर वाजते.