तू जेवणार कुठे?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळापेक्षा वादच जास्त झाला. पुतणी फिजिओथेरपी शिकलेली, पुण्याला एका रुग्णालयात दोन वर्षे काम केलेली. वसुबारसेच्या संध्याकाळी सहज सांगावे तसे तिने सांगितले की, ती वर्षभरासाठी टांझानियाला जाणार आहे. पगार नाही, राहण्याखाण्यापुरते पैसे मिळतील. तिथल्या खेड्यांत शाळा, पाणी, शेती, बचतगट अशी गावसुधारणेची कामे चालतात, पण त्यांत आंधळी, पांगळी, बहिरी माणसे बाजूला राहतात. ती आत यावीत म्हणून गावकऱ्यांबरोबर राहून काम करायचे, असा एकूण बेत होता.

मी अर्थातच विरोधी पक्षात होतो. वडील माणसांनी त्या पक्षात असावे असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. माझा मुद्दा मला बिनतोड वाटत होता. सेवाच करायची तर समुद्र कशाला ओलांडायचा? आपल्या वडगाव निंबाळकरात काय सारे धडधाकट आहेत? दिव्याखालचा अंधार टाकून दुसऱ्याच्या अंगणात पणती लावायला जाण्यात थोडी हौस आहे, थोडी मिरवणूक आहे आणि सेवा उरलीसुरली, असे मी बोललो. बोलताना मला माझे वाक्य आवडले, हेही कबूल करतो.

हे बोलणे ओट्यावर चालले होते. खाली अंगणात, आपल्या तीनचाकी सायकलवर, आप्पा बसला होता.

आप्पा माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. नीरेच्या डाव्या कालव्याचा हा पट्टा उसाचा. विहिरीवरच्या मोटारी इथे जळतच असतात, आणि जळालेली मोटार भरण्यात आप्पाचा हात धरील असा माणूस जवळपास नाही. बारामतीच्या रस्त्याला त्याचे पत्र्याचे दुकान आहे आणि मागे एक खोली. लग्न केले नाही, म्हणजे आम्ही कोणी मनावर घेतले नाही. जेवणाचा डबा आमच्या घरून जातो, आज चाळीस वर्षे जातो. तो पैसे देऊ करतो, आम्ही घेत नाही. आमच्या घराचे जोते उंच, पाच पायऱ्यांचे. म्हणून सणावाराला तो अंगणात बसतो आणि ताट खाली जाते. या व्यवस्थेत काही उणे आहे असे मला कधी वाटले नव्हते. उलट, भावासाठी आपण किती करतो याचे थोडे समाधानच होते.

माझे भाषण संपल्यावर आप्पा पुतणीला म्हणाला, "पोरी, तिथं तू जेवणार कुठं?"

तिला वाटले काका काळजीने विचारताहेत. ती म्हणाली, राहण्याची सोय आहे, स्वयंपाक ती स्वतः करील. आप्पाने मान हलवली. "तसं नव्हं. ज्यांच्यासाठी चाललीस, त्यांच्या घरी जेवणार का?"

पुतणी गप्प झाली. मीही झालो, पण माझे कारण वेगळे होते. मला त्या क्षणी वरोऱ्याची भाजी आठवली.

ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असेल. मुरलीधर देवीदास आमटे या वकिलाने, म्हणजे बाबा आमट्यांनी, १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात आनंदवन वसवले. बरोबर साधनाताई आणि लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि हाताशी चौदा रुपये. बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणली गेली, पाणी लागले, भाजी पिकली, दूधदुभते झाले. भाजी उत्तम होती. पण वरोऱ्याच्या बाजारात तिला गिऱ्हाईक नव्हते. ज्यांना भीक घालायला गाव तयार होते, त्यांचे वांगे विकत घ्यायला गाव तयार नव्हते. या एका गोष्टीवर मी पुष्कळदा अडखळलो आहे. भिकेत आपला हात वर राहतो. विकत घेतले की पैसे देऊन का होईना, आपण त्याच्याकडून काहीतरी घेतो, आणि घेतलेले पोटात जाते.

मग १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे स्वयंसेवक आनंदवनात आले. निरनिराळ्या देशांतली तरुण मंडळी. काही महिने राहिली आणि रुग्णांच्या बरोबरीने विटा-दगड वाहून त्यांनी रुग्णालयाच्या इमारती उभ्या केल्या. वरोऱ्याचे लोक कुतूहलाने हे गोरे मजूर पाहायला आले. पाहतात तो ती पोरे तिथेच राहताहेत आणि तिथलेच अन्न खाताहेत! हळूहळू गावचा धीर चेपला आणि आनंदवनची भाजी बाजारात खपू लागली.

इमारती काय, रुग्णांनीही बांधल्या असत्या. पुढे आनंदवनातले महाविद्यालय त्यांनीच बांधले. पाहुण्यांनी जे केले ते दुसरेच होते. ते पंगतीला बसले. त्यांनी रुग्णांना यजमान होऊ दिले. आपल्याकडे कोण कोणाच्या हातचे खातो यावर माणसाची किंमत ठरत आली, हे त्या परदेशी पोरांना कितपत ठाऊक होते कोण जाणे; पण भूक लागल्यावर ती जेवली, आणि आपल्या समाजाची एक गाठ तिथे सैल झाली.

या गोष्टीची मला लाजही वाटते. बाबा आणि साधनाताई ते अन्न पहिल्या दिवसापासून खातच होते. त्यांच्यावर गावाने विश्वास ठेवला नाही, आणि साता समुद्रांपलीकडच्या अनोळखी मुलांवर ठेवला. यात गोऱ्या कातडीची आपली भक्ती आहे हे उघड आहे. पण तेवढेच नसावे. घरच्या माणसाला गाव आधीच कोणत्यातरी खणात घालून ठेवते: हा वेडा, हा संत, हा अमक्याचा पोरगा. संत जे करतो ते आपल्याला लागू नसते. परका कोणत्याच खणात बसत नाही, म्हणून त्याच्याकडे बघावे लागते. समुद्र ओलांडण्याचा काही उपयोग असला तर तो हाच असेल.

मात्र परका यजमानाच्या दारात उभा असतो, हे विसरून चालत नाही. याच संस्थेची सुरुवात पाहा. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल या स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळचे एक उद्ध्वस्त खेडे पुन्हा उभारायला स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते. ज्यांनी मोडले त्यांच्यापैकी कोणीतरी बांधायला यावे, हा उदात्त हेतू. पण जखम ओली होती. जर्मन हात नकोत असे झाले आणि काही महिन्यांत काम आवरावे लागले. आपण ही गोष्ट गावकऱ्यांच्या कोतेपणाची म्हणून सांगतो. मला ती तशी वाटत नाही. ज्याचे घर पडले, त्याला 'तुझा हात नको' म्हणण्याचा हक्क नसेल तर त्याचे घर बांधून काय साधले? पुढे १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल बिहारमध्ये येऊन राबला, तेव्हा ही आठवण त्याच्या गाठीशी होती.

आपल्या कायद्याने या हक्काची भाषा आता शिकून घेतली आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, कुष्ठमुक्त माणसेही त्यांत होती. २०१६ च्या कायद्याने एकवीस केले. सार्वजनिक इमारतीत सर्वांना जाता आले पाहिजे असे त्यात आहे. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले. आप्पा म्हणतो, "नाव मोठं केलं, पायरी तेवढीच ठेवली." कायदा पायरीला उतार लावू शकतो, लावायलाच हवा. पण ताट खालीच का जाते, हे कायदा आमच्या घरात येऊन विचारणार नाही. आमच्या जोत्याला उतार करायला एक गवंडी आणि दोन दिवस पुरले असते. चाळीस वर्षांत आम्ही डबा एकदाही चुकवला नाही, आणि उतार एकदाही सुचला नाही. डब्यात आमचा चांगुलपणा रोज दिसत होता. उतार केला असता तर आप्पा वर आला असता, एवढेच झाले असते.

पुतणी गेली. तिच्या जाण्याने टांझानियाचे काय भले होईल, मला सांगता येत नाही. एका वर्षात फार होत नसते. फोनवर तिने सांगितले की, पहिले दोन महिने ती शिकवतच होती आणि लोक आदराने ऐकत होते. मग चालता न येणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने तिला घरी मक्याच्या पिठाची उगाली खायला बोलावले. हाताने गोळा कसा करायचा ते तिला जमेना, म्हणून सारे घर हसले. त्या दिवसापासून बाया तिला "हे असं नको, तसं कर" असे सांगू लागल्या. आप्पाने एवढेच विचारले, "उगालीसंगं कालवण काय होतं?"

पण मला सांगायचे आहे ते ती जाण्यापूर्वीचे, भाऊबीजेचे. डबा द्यायला आम्ही दोघे आप्पाच्या दुकानी गेलो आणि ती दारातच म्हणाली, "आप्पाकाका, आज डबा नाही आणला. तुमच्याकडे जेवायला आलोय." डबा तिच्या पिशवीत होता, मला माहीत होते. आप्पा क्षणभर गोंधळला. मग त्याने दुकानातल्या पोराला रस्त्यापलीकडे पिटाळले, स्टोव्ह पेटवला आणि बसल्या जागेवरून कांदा चिरायला घेतला. चाळीस वर्षांत मी त्या मागच्या खोलीत पाऊल टाकले नव्हते. तिथे सगळे त्याच्या हाताच्या उंचीवर होते: फळी, भांडी, पाण्याचा नळ. उठबस करताना मीच दोनदा डोके आपटून घेतले.

पिठले तिखटजाळ होते. पुतणीने ते पुन्हा मागून घेतले. नंतर चहा झाला. पण कप दोनच निघाले. एक आप्पाने तिला दिला, एक पोराला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू घरचाच. थांब, तिचा कप विसळून देतो."

मी मोटारीच्या खोक्यावर बसून थांबलो.