दुसऱ्यांदा दार वाजवताना



काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपल्यावर आपल्यातलीच एक भगिनी मला भेटायला थांबली. तिने नुकतीच आयुर्विम्याची एजन्सी घेतली आहे. जरा संकोचतच तिने विचारले, "फादर, आपल्या धर्मग्रामातल्या कुटुंबांची यादी मिळेल का? पत्ते आणि फोन नंबर असलेली." प्रशिक्षणात तिला शंभर नावे लिहून काढायला सांगितले होते. आधी नातेवाईक, मग शेजारी, मग चर्चमधली माणसे. या नावांना त्या व्यवसायात 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात. तिची यादी सत्तर नावांवर अडली होती.

मी यादी दिली नाही. लोकांनी ती माहिती चर्चला विश्वासाने दिलेली आहे, धंद्यासाठी नव्हे, एवढेच सांगितले. तिने मान हलवली आणि जाता जाता विचारले, "फादर, विम्यासाठी दारोदार फिरणे चुकीचे आहे का?" मी पटकन 'नाही' म्हणालो. रात्री मात्र ते उत्तर मलाच अपुरे वाटू लागले.

दार वाजवणे वाईट कसे असेल? मोहन्यात आपल्या दाराशी भाजीवाला येतो, पापड-लोणची विकणाऱ्या बाया येतात, पोलिओचा डोस द्यायला ताई येतात. घरांना आशीर्वाद द्यायला मीही येतोच की! प्रभू येशूने आपल्या शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव पाठवले (लूक १०). मात्र पाठवताना काही अटी घातल्या. घरात पाऊल टाकताच आधी त्या घराला शांती द्या. स्वीकारले नाही तर पुढे चला. आणि अधिक चांगल्या पाहुणचाराच्या शोधात घरे बदलत फिरू नका.

विमा ही वस्तूही वाईट नाही. स्कॉटलंडमध्ये १७४४ च्या सुमारास रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन पाळकांनी, आपल्या सहकाऱ्यांच्या विधवा-मुलांची आबाळ होऊ नये म्हणून, मृत्यूचे नीट गणित मांडून एक निधी उभारला. आधुनिक आयुर्विम्याचे ते एक मूळ मानतात. आपल्या मुंबईत १८७० मध्ये 'बॉम्बे म्युच्युअल' सुरू झाली. तोवर परक्या कंपन्या भारतीय माणसाच्या जिवासाठी जादा हप्ता घेत. या संस्थेने तो भेद मोडला. १९५६ मध्ये २४५ विमासंस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि एजंट खेडोपाडी पोहोचले. स्वतःच्या मरणाची गोष्ट कोणी आपणहून काढत नाही, म्हणूनच कोणीतरी दाराशी येऊन ती काढावी लागते. नवरा गेल्यावर ज्या बाईच्या हाती विम्याचा चेक पडला, तिला त्या एजंटाचा चिकटपणा कधी खटकत नाही.

मग चूक नेमकी कुठे होते?

सेमिनरीत आम्हाला सिसेरोने मांडलेला एक प्रश्न शिकवला होता. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गावकऱ्यांना नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? सांगायलाच हवे, असे सिसेरोचे मत. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, न्यायाने तो सांगायला बांधलेला नाही, पण सांगितले तर ते अधिक सद्गुणाचे होईल. मात्र मालातच छुपा दोष असेल आणि घेणाऱ्याचे त्यामुळे नुकसान होणार असेल, तर तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्यच आहे.

विम्याच्या कागदात छुपा दोष कोणता? तो बहुधा कागदात नसतो, तो कागद आणि त्या घराची मिळकत यांच्यातल्या अंतरात असतो. जुन्या पारंपरिक पॉलिसीत सलग दोन-तीन वर्षे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर केल्यावर काही हाती येत नसे. ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला असून पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्यालाही काही रक्कम मिळते. तरी नुकसान होतेच. दुसरीकडे, एजंटाचे कमिशन पहिल्या वर्षी सर्वांत जास्त. कायद्याने अनेक दशके ते ३५ टक्क्यांपर्यंत चाले, पुढची दोन वर्षे साडेसात आणि नंतर पाच टक्के. २०२३ पासून कंपन्यांना दर ठरवण्याची मोकळीक मिळाली आहे. म्हणजे पॉलिसी चौथ्या वर्षी बंद पडली, तर घराचे नुकसान होते आणि एजंटाचा मोठा वाटा मात्र आधीच मिळालेला असतो.

मिळकत अचानक थांबणे म्हणजे काय, हे मोहन्याला शिकवायला नको. २००९ मध्ये एनआरसी बंद झाली, हजारो कामगार घरी बसले आणि त्यांची देणी वर्षानुवर्षे अडकून राहिली. अशा वेळी घरात आधी दूध आणि शाळेची फी येते, विम्याचा हप्ता शेवटी. म्हणून 'किती हप्ता बसेल?' यापेक्षा 'पगार थांबला तर किती पेलेल?' हा प्रश्न एजंटानेच विचारायला हवा.

तत्त्वज्ञ कान्ट सांगतो की, माणसाला केवळ साधन म्हणून कधी वागवू नये. त्यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. कमिशन मिळवणे हा कष्टाचा मोबदला आहे, त्यात कमीपणा नाही. पण शेजारीण फक्त 'प्रॉस्पेक्ट क्रमांक एकाहत्तर' झाली, की तिच्या घरचा चहाही आपण हिशेब करत पितो. हे ओळखायचे कसे? मला एक साधी कसोटी सुचते. याच दाराशी मी चार वर्षांनी ताठ मानेने पुन्हा उभा राहू शकेन का? हप्ता चुकला असेल तेव्हा, घरात मृत्यू झाला असेल तेव्हा? पहिल्यांदा दार वाजवायला धाडस लागते, दुसऱ्यांदा वाजवायला स्वच्छ मन लागते.

दार उघडणाऱ्यांचेही काही कर्तव्य आहे. विकणाऱ्याच्या तोंडावर दार आपटू नये, 'नाही' म्हणायचे तर नीट म्हणावे. 'पहिला हप्ता तूच भर, मग घेतो' असे तर मुळीच म्हणू नये. कमिशनमधून सूट देणे आणि घेणे दोन्ही कायद्याने मना आहे, आणि ती रक्कम एखाद्या गरजू बाईच्या घामाची असते. अर्जात आजार लपवू नये, त्याची शिक्षा आपल्या मागे राहणाऱ्यांना होते. आणि सही भिडेखातर केली असेल, तर पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हे लक्षात ठेवावे.

गेल्या रविवारी ती भगिनी पुन्हा भेटली. यादी आता अडुसष्टवर आली होती. मी आश्चर्याने पाहिले, तशी ती म्हणाली, "दोन नावे मीच खोडली, फादर. एक आमच्या शेजारच्या एकट्या आजी, आणि एक माझ्या हाताखाली काम केलेली मुलगी. त्या दोघींना मला नाही म्हणताच आले नसते."

माझ्या 'नाही' या उत्तरात जे राहून गेले होते, ते तिने स्वतःच शोधून काढले. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याचे 'हो' विकत घेऊ नये. विमा असो, वर्गणी असो की चर्चची देणगी असो. हे मी मलाही सांगत आहे, कारण तुमचे दार मीही वाजवतो. या आठवड्यात कोणाकडे काही मागायला जाण्यापूर्वी आपण क्षणभर उंबरठ्यावर थांबून त्या घराला मनातल्या मनात आधी शांती देऊ या.

आपला,
धर्मगुरू