रिकामे ताट

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे एक रीत अजून टिकून आहे. शेजारच्या घरून फराळाचे ताट येते. वर विणलेला रुमाल, आत चकल्या, करंज्या, अनारसे. ताट उतरवून घेताना घरातली वडीलधारी बाई हटकून बजावते, "रिकामं ताट परत धाडू नये." घरात त्या क्षणी काही नसले, तर निदान चिमूटभर साखर घालून ते ताट परत जाते. लहानपणी मला ही रीत निव्वळ शिष्टाचाराची वाटे. आता ऐंशीच्या उंबरठ्यावर उभा राहून पाहताना वाटते, की देण्याघेण्याचा एक फार मोठा नियम आपल्या आज्यांनी त्या चिमूटभर साखरेत बांधून ठेवला आहे. मला तो नियम प्रथम समजला एका परदेशी तरुणामुळे. त्याचीच हकीकत आज सांगतो.

साल १९६७. दसरा नुकताच झाला होता. आम्ही तेव्हा अकोल्याला, जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी राहत होतो. मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो आणि पुस्तकांच्या खर्चापुरते चार पैसे मिळवण्याच्या खटपटीत होतो. कोणीतरी सांगितले, की मिशनच्या बंगल्यावर एक तरुण अमेरिकन पाद्री नवीनच आला आहे आणि त्याला मराठी शिकवणारा कोणी हवा आहे. मी गेलो. चोवीस-पंचवीस वर्षांचा, उंच, उन्हाने नाक सोललेला असा तो मुलगा. बाप मक्याची शेती करणारा. आपल्या देशात तो पदवीधर. इथे मात्र पाच वर्षांचे पोरही त्याच्याहून शहाणे ठरत होते. टमाटे कसे दिले हे विचारता येईना. पहाटे कावळ्यांनी झोप मोडे, रात्री उकाड्याने. रस्त्यावर निघाला की मागे पोरांचा घोळका, "साहेब, साहेब" करीत. घरच्या पत्राचे उत्तर यायला आठवडे लागत. एकदा तो मला म्हणाला, "मी इथे सांगायला आलो, आणि मला तर पाणीसुद्धा मागता येत नाही!"

मी त्याला पाणी मागायला शिकवले: "मला पाणी हवे आहे." तो बाजारात जाऊन हे वाक्य म्हणाला तेव्हा भाजीवाली पदर तोंडाला लावून हसली. तिच्या तोंडी होते, "मले पानी पायजे." परत येऊन त्याने विचारले, "बरोबर कोणते?" मी ऐटीत म्हणालो, "माझे." तेव्हा त्याने अगदी निरागसपणे विचारले, "मग तुमची आई कोणते बोलते?" या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. वऱ्हाडात जन्मून, वऱ्हाडी दुधावर वाढून, मी एका परक्याला माझ्या आईच्या बोलीची लाज बाळगायला शिकवीत होतो.

पुढे एका संध्याकाळी त्याला घरी नेले. आईने पितळी पेल्यात पाणी आणले, बशीत चिवडा आणला. त्याने दोन्ही हात जोडून नम्रपणे नकार दिला. उकळल्याशिवाय पाणी प्यायचे नाही, असे त्याला निघतानाच बजावलेले होते. त्यात त्याचा काही दोष नव्हता. पण आई आत जाता जाता म्हणाली, "जो आपल्या घरचं पानी घेत नाही, त्याचं बोलनं आपुन काहून घ्यावं?" त्याने मला विचारले, आई काय म्हणाल्या? मी सांगितले, "पुन्हा या म्हणते." हे खोटे मला तीन दिवस सलत राहिले. चौथ्या दिवशी धड्याच्या वेळी मी खरे ते सांगून टाकले. त्याचा चेहरा लाल झाला. बराच वेळ तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

रविवारी तो एकटाच आमच्या ओट्याशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माय, मले पानी द्या." हे वाक्य त्याला मी शिकवलेले नव्हते. आईने पाणी दिले. तो घटाघटा प्याला. पुढचे दोन दिवस पोटाने त्याची दैना केली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आईला कळले तेव्हा तिने माझ्या हाती भाताची पेज पाठवली; आणि त्यानंतर आमच्या चुलीपाशी एक तांब्या वेगळा झाकलेला दिसू लागला. तो आला की आई म्हणे, "तुयासाठी उकळून ठेवलं बापू." त्याने आमच्या पाण्यासाठी आपला नियम मोडला, आईने त्याच्या पोटासाठी आपली चूल पेटवली. धर्माविषयी दोघे कधी बोलले नाहीत. तिच्या देवघराविषयी त्याने विचारले नाही, त्याच्या पुस्तकाविषयी तिने विचारले नाही.

परंतु दिवाळीच्या आठवड्यात त्याने एक गोष्ट मात्र विचारली. आमच्या आळीत झाडलोट करणारी एक बाई होती. ती पाणी मागे तेव्हा आई वरून धार धरी आणि ती ओंजळीने पिई. त्या दिवशी तो ओट्यावर बसला होता. त्याने पाहिले आणि म्हटले, "माय, तिले पेला काहून नाही?" आई गप्प राहिली. मीही. घटनेने अस्पृश्यता नष्ट करून तेव्हा सतरा वर्षे झाली होती. नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतल्याला अकरा. मी कॉलेजात समतेवर निबंध लिहीत होतो. आणि रोज डोळ्यांदेखत पडणारी ती धार मला कधी दिसलीच नव्हती! ती दिसायला सात समुद्रांपलीकडचे डोळे यावे लागले.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. परक्याच्या घरात शिरून "तुमचे हे चुकते" असे म्हणण्याचा हक्क माणसाला कशाने येतो? आपल्यापाशी सत्य आहे, एवढ्याने येतो काय? त्या तरुणाने पहिल्या दिवशी, आमचे पाणी नाकारून, तोच प्रश्न विचारला असता तर आईने त्याला ओट्यावरून उतरवले असते; आणि मला ते योग्यच वाटले असते. प्रश्न तोच, सत्यही तेच. पण मधल्या तीन आठवड्यांत त्याने आमच्या हातचे काही घेतले होते. घेणाऱ्याच्या तोंडून जे ऐकवते, ते नुसत्या देणाऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही.

इतिहासातही हेच दिसते. इंग्लंडहून आलेला जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला. धर्म सांगायलाच तो आला होता. पण इथल्या भाषेपुढे तो विद्यार्थी होऊन बसला, ओवी शिकला, आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. त्याचा धर्म न मानणारा मराठी वाचकही आज त्याला आपला कवी म्हणतो. आमच्या अकोल्यात राहून गेलेल्या जेनी फुलर या अमेरिकन मिशनरी बाईंनी १९०० साली भारतीय स्त्रियांवरील अन्यायांविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले. परक्या बाईने आपली उणी काढावीत हे कोणाला रुचणार? पण त्या पुस्तकाला प्रस्तावना आहे पंडिता रमाबाईंची. दुखणे परक्याने दाखवले, म्हणून ते खोटे ठरत नाही.

आणि परदेशी माणसांकडे तरी कशाला जावे? अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावोगाव काय करीत? गावात शिरले की आधी हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचे. आणि रात्री कीर्तनात, वऱ्हाडी बोलीत, समोरच्यांनाच प्रश्न विचारीत विचारीत त्यांच्या डोक्यातला केर काढायचा. सकाळी ज्याने आपले अंगण झाडले, त्याला रात्री "तू कोण विचारणारा?" असे म्हणायला तोंड उरत नसे.

माझी स्वतःची परीक्षा मात्र पुढेच होती. १९७१ साली मी शिक्षक होऊन मेळघाटात गेलो. परतवाडा सोडून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाणारी ती घाटाची वाट. जिल्हा माझ्याच शेजारचा, अमरावती. पण आठवड्याभरात कळले, की मी परदेशी आलो आहे. मुले कोरकू बोलत. ही भाषा मराठीची बहीण नाही, हिंदीचीही नाही. तिचे गोत मुंडा भाषांचे, पार छोटा नागपूरकडचे. मी फळ्यावर शुद्ध मराठी लिही आणि मुले मुकी बसत. घरी पत्रात मी लिहिले, "मुले मंद आहेत." एके दिवशी एका लहानगीने कोपऱ्यातल्या मडक्याकडे बोट दाखवून म्हटले, "डा." म्हणजे पाणी. मी तो शब्द उच्चारून पाहिला. चुकला असावा, कारण सारा वर्ग खदखदा हसला. त्या वर्गाचा मी ऐकलेला तो पहिला आवाज. मला अकोल्याची भाजीवाली आठवली.

त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याने भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी माझ्यापुढे धरले. क्षणभर माझा हात अडला. कशाने अडला, हे मी पोटाच्या नावावर ढकलू शकलो असतो. पण खरे कारण मला ठाऊक होते. मग आईचे वाक्य कानांत वाजले आणि मी प्यालो. पुढे मला कळले, की 'कोरकू' या शब्दाचा अर्थच मुळी 'माणसे' असा आहे. आणि मी त्यांना माणसांत आणायला निघालो होतो!

कोणी म्हणेल, प्रत्येक वेळी इतके थांबायला सवड कुठे असते? आक्षेप खरा आहे. १९९३ साली मेळघाटातले बालमृत्यू देशभर गाजले. मूल तापाने फणफणलेले असताना डॉक्टरने आधी भाषा शिकत बसावे, असे मी म्हणणार नाही. औषध वैद्याच्या नम्रतेवाचूनही लागू पडते. पण ते मुलाच्या पोटात जायला त्याच्या आईने तोंड उघडू दिले पाहिजे. आणि तिथे पुन्हा तोच तुंबा आडवा येतो.

तो तरुण दोन वर्षांनी अकोल्याहून गेला. काही वर्षे पत्रे येत राहिली, मग थांबली. आमच्या आळीतल्या त्या बाईसाठी पुढच्या वर्षी ओट्याच्या कोनाड्यात एक पेला आला खरा. पण तो फक्त तिचा, वेगळा. आई तेवढीच चालली. मी तर तेवढाही चाललो नव्हतो.

दिवाळीचा फराळ तिलाही आमच्या घरून जाई. दरवर्षी, न चुकता, भरपूर. पण ताटात घालून कधी गेला नाही. तिच्या पसरलेल्या पदरात तो ओतला जाई. आम्ही त्याला औदार्य समजत होतो. तिच्या घरीही चिमूटभर साखर असेल आणि तिलाही काही परत धाडावेसे वाटत असेल, हे आमच्या मनात आले नाही. परत धाडायला तिच्याकडे आमचे ताटच नव्हते.