केंद्रक नाही म्हणून साधी?

शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात दोन आकृत्या शेजारी शेजारी असतात. एक आदिकेंद्रकी पेशीची, म्हणजे जिवाणूची: पेशीभित्तिका, पटल, पेशीद्रवात मोकळाच पडलेला डीएनए, रायबोसोमचे ठिपके. दुसरी दृश्यकेंद्रकी, म्हणजे आपली, आंब्याची, बुरशीची, अमीबाची; केंद्रकापासून तंतुकणिकेपर्यंत नावांनी गच्च भरलेली. ही विभागणी जणू पहिल्यापासूनच होती असं पाठ करताना वाटतं. प्रत्यक्षात ती पक्की व्हायला १९६२ साल उजाडलं.

त्याआधीची तीन शतकं माणूस मुख्यतः मोठ्या पेशींकडेच बघत होता. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिल्या त्या तर मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींतल्या गोल ठिपक्याला केंद्रक म्हटलं. तो ठिपका आजही कुणालाही दिसतो. कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवून त्यावर आयोडीनचा थेंब टाकला की लांबट पेशींच्या ओळी उमटतात आणि बहुतेक प्रत्येकीत, कडेला सरकलेलं, पिवळट-तपकिरी केंद्रक. जिवाणूचं तसं नाही. तो जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरचा. साध्या सूक्ष्मदर्शकाची ताकद तिथे संपतेच. त्यामुळे त्याच्या आत काही नाही, हा निकाल बराचसा आपल्या उपकरणाने दिलेला होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर स्टॅनियर आणि व्हॅन नील या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये जिवाणूची नीट व्याख्या केली. पण तिचा भर जिवाणूत काय नाही यावरच होता. मला हीच त्या विभागणीची खरी कमजोरी वाटते. नसलेपणावरून केलेल्या गटात कोण कोण येऊन बसेल याचा भरवसा नसतो.

पहिला धक्का मात्र दुसऱ्या बाजूने बसला. हरितलवकं ही मुळात आत शिरलेले स्वतंत्र जीव असावेत, असं मेरेझकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०५ मध्येच मांडलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये तीच कल्पना तंतुकणिकेसह नव्याने मांडली. त्यांचा लेख अनेक नियतकालिकांनी आधी परत पाठवला होता. पण पुरावे साचत गेले. तंतुकणिकेला दोन पटलं आहेत. तिचा स्वतःचा डीएनए आहे, माणसात तो गोलाकार आणि ३७ जनुकांचा. तिचे रायबोसोम जिवाणूंच्या वळणाचे आहेत. पेशी तिला नव्याने घडवत नाही. असलेलीच दुभंगून वाढते. जटिल म्हणवणाऱ्या पेशीची ऊर्जा एका जुन्या जिवाणूचे वंशज पुरवतात, हे मान्य करावं लागलं. मला तर हा विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राचा सर्वांत देखणा विचार वाटतो.

दुसरा धक्का साध्या गटालाच बसला. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करून १९७७ मध्ये दाखवलं की मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव जिवाणू नाहीतच. आपल्याकडे गोबरगॅसच्या टाकीत शेवटचं काम करतात ते हेच, आर्किया. त्यांनाही केंद्रक नाही, दिसायला जिवाणूंसारखेच. पण डीएनएवरून आरएनए उतरवून घेणारी त्यांची यंत्रणा जिवाणूंपेक्षा आपल्या यंत्रणेशी जास्त जुळते. केंद्रक नसणं एवढ्याच खुणेवर दोन अगदी वेगळी घराणी एका नावाखाली आली होती.

जपानी संशोधकांनी समुद्रात अडीच किलोमीटर खोल असलेल्या तळाच्या चिखलातून, दहा वर्षांहून अधिक खटपट करून, असाच एक आर्किया वाढवला आणि २०२० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याची पेशी साधारण अर्ध्या मायक्रोमीटरची, आत कुठलंही अंगक नाही. पण बाहेर फांद्यांसारखे लांब फाटे फुटलेले, आणि फक्त दृश्यकेंद्रकी पेशींचीच मानली गेलेली कितीतरी जनुकं त्याच्यापाशी आहेत. तो एकट्याने वाढत नाही. हायड्रोजन उचलून नेणारा जोडीदार शेजारी लागतो. अशाच एखाद्या पूर्वजाने फाट्यांत जोडीदार जिवाणूला वेढून घेतलं आणि त्याचीच पुढे तंतुकणिका झाली असावी, असा त्या संशोधकांचा कयास आहे. त्या वेळी केंद्रक आधी आलं की तंतुकणिका, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.